वाटताना एक्का उलटला, तर हातातल्या एक्का-दश्शीचं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुट्टीत अमळनेरला तुम्ही सहा जण टेक्सास होल्डम खेळत होता, म्हणजे हातात दोन झाकलेली आणि मधे सगळ्यांची पाच उघडी पानं असलेलं पोकर. वाटता वाटता बदामचा एक्का उलटा पडला. तो बाजूला काढला, ज्याचा होता त्याला दुसरं पान दिलं आणि डाव पुढे चालू ठेवला. तुमच्या हातात इस्पिकचा एक्का आणि किलवरची दश्शी. एक एक्का तर गेलाच, म्हणून तुम्ही फोल्ड केलं, म्हणजे पानं टाकून डाव सोडला. त्यावर मेहुण्यांनी ऐकवलं की एक पत्ता दिसल्याने काही बिघडत नाही, न दिसलेली पानं कुठेही असली तरी सारखीच. आणखी एकाचं म्हणणं उलटंच, एक एक्का गेला म्हणजे उरलेले आता लवकर येणार. शेवटी तुम्ही हेही विचारलंत की शेजाऱ्याचं पान चुकून दिसलं तर ते वापरायचं का.

मी भुसावळची. पणजीला मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर पोकरच्या टेबलावर पानं वाटायचं काम बरीच वर्षं केलं, आता इकडे परत आले आहे आणि घरच्या मंडळींत चिंचोके लावून खेळते. उलटलेला पत्ता वाटणाऱ्याच्या बाजूनेही पाहिलाय आणि खेळणाऱ्याच्या बाजूनेही. तुम्हा तिघांत तुमचं म्हणणं खऱ्याच्या सगळ्यात जवळ होतं. पण तुम्ही नाण्याची एकच बाजू पाहिलीत.

मेहुण्यांचा नियम खरा आहे, फक्त त्यांनी तो चुकीच्या पानाला लावला. न दिसलेलं पान कॅटच्या तळाशी आहे की समोरच्याच्या मुठीत, याने तुमच्या हिशेबात फरक पडत नाही. सहा जणांना बारा पानं वाटून झाली तरी स्वतःची दोन सोडली तर तुमच्या लेखी ५० पानं अज्ञातच. पण दिसलेलं पान अज्ञात उरत नाही. ५० ची ४९ झाली आणि त्यांतले एक्के तिनाचे दोन झाले. रमी खेळणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. बदामच्या दोन्ही अठ्ठ्या खाली पडल्या की बदामची सत्ती-नव्वी हातात धरून कोण बसतं? तीच माणसं पोकरला बसली की मात्र ही सवय चपलेबरोबर दाराबाहेर ठेवून येतात.

उरलेले एक्के लवकर येणार म्हणणाऱ्याला एवढंच सांगा: आधी पुढचं पान एक्का असण्याची शक्यता ५० त ३, म्हणजे ६ टक्के होती. आता ४९ त २, म्हणजे ४.१. कमीच झाली. वाढली ती बाकीच्या नंबरांची, आणि तीही नखाएवढी.

आता तुमच्या हाताकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. एक्का-दश्शी घेऊन फ्लॉप, म्हणजे मधली पहिली तीन पानं, पाहिला तर त्या तीन पानांत निदान एक एक्का पडण्याची शक्यता एरवी १७.३ टक्के असते. बदामचा एक्का गेल्यावर ती १२ टक्क्यांवर येते. जवळजवळ एक तृतीयांश घट. हे तुम्हाला आतून जाणवलं आणि तुम्ही पानं टाकली. पण तोच एक्का समोरच्यांच्या हातांतूनही गेलाय, हे राहून गेलं. एक्का-दश्शीला खरी भीती कुणाची? एक्का-राजा, एक्का-राणी, एक्का-गुलाम आणि एक्क्यांची जोडी. फ्लॉपवर एक्का पडतो, तुम्हाला वाटतं आपलं काम झालं, आणि समोरचा मोठ्या जोडपानाने तुमचा ढीग ओढून नेतो. नवख्या खेळाडूची बरीच चिप्स याच प्रसंगात जातात. अशा भीतीच्या जोड्या मोजून पाहा. तुमच्या हातात एक एक्का असताना बाहेर तीन एक्के. एक्का-राजाच्या जोड्या तीन गुणिले चार म्हणजे १२, राणीच्या १२, गुलामाच्या १२, एक्क्यांची जोडी ३ प्रकारांनी. एकूण ३९. बदामचा एक्का गेला की याच आठ, आठ, आठ आणि एक होतात, म्हणजे २५.

दुसऱ्या बाजूने मोजा. तुमच्या पाच प्रतिस्पर्ध्यांपैकी कुणाकडे तरी एक्का असण्याची शक्यता एरवी जवळपास निम्मी, ४९.६ टक्के. एक्का उलटल्यावर ३७. म्हणजे एक्का येण्याची शक्यता घटली, पण आला तर तोच डाव जिंकेल याचा भरवसा वाढला.

मग फोल्ड बरोबर की चूक? तुम्ही कितव्या जागेवर होता आणि तुमचं टेबल कसं खेळतं, यावर आहे ते. सहा जणांच्या टेबलावर पहिली चाल तुमची असेल तर एक्का-दश्शी आधीच काठावरची, तीही वेगवेगळ्या रंगांची. त्यात एक्का गेला, तर टाकलीत ते ठीकच. बटनवर, म्हणजे वाटणाऱ्याच्या जागेवर, होता आणि तुमच्या आधीच्यांनी फोल्ड केलं असेल, तर मी रेझ केलं असतं, म्हणजे रक्कम वाढवली असती. उलटलेल्या एक्क्यामुळे मागच्या दोघांकडे एक्का असण्याची शक्यता कमी झालीये, ते पानं टाकतील असं वाटायला जागा आहे आणि ब्लाइंड्स, म्हणजे त्या दोघांनी पानं वाटण्याआधीच लावलेल्या सक्तीच्या रकमा, फ्लॉप न पाहताच मिळाल्या तर मला हव्याच आहेत. पण आपल्याकडच्या घरगुती डावांत असं क्वचित घडतं. तिथे पाचही जण कॉल करून, म्हणजे लावलेल्या रकमेएवढीच रक्कम लावून, 'बघू तर काय येतं' म्हणत फ्लॉपपर्यंत येतात. अशा टेबलावर रेझ करून कुणाला उठवता येत नाही, जिंकायचं तर पान लागावंच लागतं आणि नेमकं तेच कमी झालंय. चार जण आधीच कॉल करून बसले असतील तर तुमचा फोल्ड मला पटतो. लगेच असंही वाटेल की मग ती २५ जोड्यांची गोष्ट कशाला सांगितली? कारण माणसं कमी उरली की तीच जास्त कामाला येते. समोर एकच जण असेल तेव्हा त्याचा मोठा एक्का ही तुमची सगळ्यात मोठी अडचण असते आणि ती आता आटली आहे.

तोच उलटलेला एक्का टेबलावरच्या बाकीच्यांना काय देऊन गेला, तेही पाहा. ज्याच्या हातात राजांची जोडी होती त्याच्यासाठी ती आनंदाची बातमी. राजांच्या जोडीला फ्लॉपवर एक्का पडून घाम फुटण्याची शक्यता २२.६ टक्के असते, ती १७.६ झाली. पाच जणांपैकी कुणाकडे एक्क्यांची जोडी असण्याची शक्यता साधारण अडीच टक्के असते, ती सव्वा टक्क्याजवळ आली, कारण एक्क्यांची जोडी सहा प्रकारांऐवजी तीनच प्रकारांनी बनू शकते. राजा-राणी धरणाऱ्याचंही तसंच. त्याला दाबणाऱ्या एक्का-राजा, एक्का-राणी आणि एक्क्यांच्या जोड्या मिळून ३० होत्या, त्या २१ झाल्या. म्हणून मोठं पान उलटलं की सगळ्यांचं नुकसान झालं असं समजू नका. ज्याच्या हातात त्याच नंबरचं पान आहे त्याचा तोटा होतो आणि त्याच्या लगेच खालच्या नंबरांवर बसलेल्यांना फायदा होतो. एक्का दिसला की राजा-राणीवाल्याने छाती थोडी पुढे काढावी, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धं काम होतं.

एक्का-राजाचं उदाहरण मुद्दाम देते, कारण इथे माणसं सगळ्यात जास्त घाबरतात. एरवी फ्लॉपवर एक्का किंवा राजा लागण्याची शक्यता ३२.४ टक्के. एक एक्का गेल्यावर २८.१. बस, एवढंच. उलट समोर एक्क्यांची जोडी असायला आता तीनऐवजी एकच प्रकार उरला. एक्का-राजा हातात असताना एक्का उलटला म्हणून फोल्ड करणारे मी पाहिलेत. एकाने तर कपाळावर हात मारून टाकला होता. असं करू नका.

खरा फटका बसतो तो लहान जोडीला, आणि तिथे फार थोडे लोक लक्ष देतात. समजा तुमच्याकडे सत्तीची जोडी आहे आणि उलटलं ते पान चौकटची सत्ती. सत्तीची जोडी आपण कशासाठी खेळतो? फ्लॉपवर तिसरी सत्ती पडावी, सेट व्हावा आणि समोरच्याला कळायच्या आत त्याचा ढीग ओढावा म्हणून. ती शक्यता एरवी ११.८ टक्के, साडेआठ डावांतून एकदा. एक सत्ती गेली की उरली एकच, आणि शक्यता ४९ त ३, म्हणजे ६.१ टक्के. सोळा डावांतून एकदा. जवळजवळ निम्मी झाली. कॉल करताना जुने खेळाडू एक ठोकताळा लावतात: सेटच्या आशेने द्यायची रक्कम समोरच्याच्या ढिगाच्या दहावा-पंधरावा हिस्सा असेल तरच द्या. एक सत्ती गेल्यावर हा ठोकताळा दुप्पट कडक करा. समोरच्याकडे निदान २०-३० पट चिप्स हवीत, आणि तीही त्याने गमवायला तयार असायला हवं. ब्लाइंडच्या चौपट रेझ आला आणि ढीग पन्नास ब्लाइंडचा असेल, तर ती सत्तीची जोडी निमूटपणे टाका. एरवी सत्तीची जोडी मी हसत हसत खेळते, पण एक सत्ती समोर पडल्यावर ती जवळजवळ दुर्रीच्या जोडीइतकीच बिचारी वाटते.

राण्यांच्या जोडीला मात्र हा नियम लावू नका. राण्यांची जोडी सेटसाठी खेळत नाहीत, ती आहे तशीच भारी आहे. एक राणी उलटली तर सेट निम्म्यावर येतो हे खरं, पण तुमच्या रेझचं कारण सेट नव्हतंच. मधल्या जोड्यांना, म्हणजे नव्वीच्या किंवा दश्शीच्या जोडीला, दोन्ही गोष्टी थोड्या थोड्या लागू होतात. तिथे मी रेझ करणं सोडत नाही, पण दुसऱ्याच्या मोठ्या रेझवर नुसता कॉल करणं सोडते.

एका रंगाच्या दोन पानांचं पटकन उरकते, कारण तिथे भीती जास्त आणि फरक कमी. दोन्ही पानं एकाच रंगाची असली तर रिव्हरपर्यंत, म्हणजे मधल्या पाचव्या पानापर्यंत, फ्लश, आपल्या तीन पत्तीच्या भाषेत कलर, होण्याची शक्यता ६.४ टक्के. तुमच्या रंगाचं एक पान उलटलं तर ५.१. दुसऱ्या रंगाचं उलटलं तर उलट ६.८. सव्वा टक्का इकडे-तिकडे. एका रंगाची पानं या एवढ्याशा कारणावर घ्यायची किंवा टाकायची नसतात. तुमच्याच रंगाची दोन पानं उलटली तर बात वेगळी, पण दोन पानं उलटली की डाव बहुधा परतच वाटावा लागतो. सलग पानांतही थोडं तारतम्य ठेवा. अठ्ठी-नव्वीला फ्लॉपवर सरळ सिक्वेन्स चार प्रकारे लागू शकतो: पंजी-छक्की-सत्ती, छक्की-सत्ती-दश्शी, सत्ती-दश्शी-गुलाम, दश्शी-गुलाम-राणी. सत्ती आणि दश्शी त्यांपैकी तीन-तीन ठिकाणी लागतात, राणी आणि पंजी एकेकाच ठिकाणी. म्हणून अठ्ठी-नव्वी हातात असताना दश्शी उलटली तर हळहळा, राणी उलटली तर दुर्लक्ष करा.

इथवर आपण धरून चाललो की पत्ता वाटणाऱ्याच्या हातून उलटला आणि सगळ्यांना दिसला. अमळनेरला तुम्ही जे केलंत ते नियमाला धरूनच होतं. होल्डममध्ये सर्वसाधारण पद्धत अशी: एकच पान वाटणाऱ्याच्या चुकीने उलटलं तर वाटणं पूर्ण करायचं, मग ज्याचं ते पान होतं त्याला कॅटच्या वरचं पान द्यायचं आणि उलटलेलं पान बर्नचं, म्हणजे मधली पानं उघडण्याआधी बाजूला टाकायचं पान, म्हणून वापरायचं. स्पर्धांसाठी टीडीए या संस्थेचे नियम जगभर वापरतात. त्यांनुसार वाटायला घेतलेल्या पहिल्या दोन पानांपैकी कोणतंही उलटलं, किंवा पुढे कुठलीही दोन पानं उलटली, तर डावच रद्द आणि पुन्हा पिसायचं. त्यामुळे 'त्याचा एक्का गेला, त्याला काहीतरी भरपाई द्या' अशी आरडाओरड कुणी केली तर ऐकू नका. त्याला मिळालेलं नवं पान बाकीच्यांच्या पानांइतकंच नशिबाचं आहे. आणि ज्याने स्वतःचंच पान उचलताना उलटवलं, त्याने ते तसंच ठेवायचं, त्याला बदली मिळत नाही.

वैशाखात आपल्याकडे आणखी एक प्रकार होतो, तो कुठल्याच नियमावलीत नाही. जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसला टेकलेला असतो, सगळे कूलरसमोर बसतात आणि पत्ता जमिनीपासून हातभर वर आला की कूलरचा वारा त्याला उलटवतो. एक पोरगा हमखास ओरडतो, 'पत्ता दखाई गया ना भो!' आमच्याकडे ठरलेलं आहे की वाऱ्याने उलटलेलं पान ही वाटणाऱ्याची चूक धरायची, कारण कूलरकडे पाठ करून बसायची जबाबदारी त्याची.

फोल्ड करताना पान दिसलं तर मात्र हिशेबात आणखी एक गोष्ट येते. वाटताना उलटलेला एक्का नशिबाचा असतो, त्यातून एक एक्का गेला यापलीकडे काही कळत नाही. पण कुणी पानं टाकली आणि त्यातला एक्का दिसला, तर टाकणाऱ्याचं मनही दिसलं. सांभाळून खेळणारे काका पहिल्याच जागेवरून एक्का टाकतात, तेव्हा त्यांचं दुसरं पान राजा किंवा राणी नव्हतं हे जवळपास नक्की. या डावात त्याचा उपयोग जेमतेम. पण काका नुसत्या एक्क्याच्या जोरावर पहिल्या जागेवरून खेळत नाहीत, हे मनात टिपून ठेवा. पुढे कधी ते त्याच जागेवरून रेझ करतील तेव्हा या माहितीची किंमत बदामच्या एक्क्यापेक्षा जास्त असेल.

आणखी एक वेगळा प्रसंग: डावात असलेल्याचंच एक पान दिसलं. तो फोल्ड झालेला नाही, राजा त्याच्या हातात जिवंत आहे आणि त्याने रेझ केलंय. इथे 'राजा गेला' असा हिशेब करू नका. राजा गेलेला नाही, तो तुमच्या विरोधात बसलाय. तुमच्याकडे राजा-दश्शी असेल तर टाका. कारण राजे दोनच उरलेत आणि राजा लागला तरी त्याचं दुसरं पान दश्शीपेक्षा मोठं असण्याचा धोका भरपूर. एक्का-राजा असेल तर मजा आहे, पुढे जा. नव्वीची जोडी असेल तर त्याच्या दुसऱ्या पानावर अवलंबून. ते लहान असेल तर तुमची बाजू साधारण सत्तर-तीस, तेही मोठं असेल तर पंचावन्न-पंचेचाळीस. म्हणजे दोन्ही वेळा पुढे तुम्हीच. दोन्ही राजे निघायची शक्यता अगदी नाही असं नाही, पण थोडी. मी अशा वेळी नव्वीच्या जोडीने परत रेझ करते. समोरच्यालाही माहीत असतं की त्याचा राजा दिसलाय. राजा पडलेल्या फ्लॉपवर तो जोरात खेळला तर विश्वास ठेवा. राजा नसलेल्या फ्लॉपवर त्याला गप्प बसवणं सोपं असतं.

मुद्दाम पान दाखवून लोकांचे चेहरे वाचणारेही असतात. स्पर्धेत चाल बाकी असताना पान दाखवलं तर दंड होऊ शकतो. घरी दंड नसतो, म्हणून तिथे असे महाभाग जास्त. एकदा चुकून दिसलं तर चूक, त्याच माणसाचं तिसऱ्यांदा दिसलं तर मी ते पान डोळ्यांवर विश्वास ठेवून वाचत नाही.

आता शेजाऱ्याच्या पानाचा प्रश्न. गादीवर खेटून बसलं की शेजारच्याची पानं दिसतातच, विशेषतः तो पानं छातीशी न धरता मांडीवर पसरून बघत असेल तर. नियम सरळ आहे: एका खेळाडूला दिसलेली माहिती सगळ्यांना मिळाली पाहिजे. तुम्ही अजून डावात आहात आणि तुमची चाल बाकी आहे, तर दिसलेलं पान तिथल्या तिथे सगळ्यांना दाखवायला सांगायचं. तुम्ही फोल्ड करून बसला असाल तर उलट. बेटिंग संपेपर्यंत तोंड बंद, नाहीतर तुमच्यामुळे कुणाचा तरी डाव बिघडतो. बोटीवर कुणी वारंवार पानं दाखवत असेल तर मी त्यालाच सांगायचे, 'सर, पानं झाका.' स्वतःची पानं सांभाळणं ही तिथे खेळणाऱ्याची जबाबदारी असते, आणि शेजाऱ्याने चोरून पाहिलं नसेल तर त्याला कुणी दोष देत नाही. घरी मात्र मी शेजाऱ्याला एकदा मोठ्याने सांगते आणि तरी त्याने ऐकलं नाही तर स्वतः उठून जागा बदलते. मेव्हणा-साडू, दीर-भाचे बसलेले असतात, चिंचोक्यांसाठी कुणाची पानं ओळखून खेळण्यात मला रस नाही. तुम्हाला वेगळं वाटत असेल तर निदान त्याला आधी सांगा तरी.

पानं दिसणं मुळात कसं चुकवायचं, ते आता. घरच्या डावात सगळ्यात जास्त दिसतं ते कॅटचं तळाचं पान, आणि त्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. वाटणारा कॅट तिरका धरतो, समोर खाली बसलेल्या पोराला तळाची चौकटची राणी सबंध डावभर दिसत राहते. होल्डममध्ये सहा जणांच्या डावात बारा पानं वाटली, पाच मधली, तीन बर्नची, अशी वीसच पानं लागतात. तळाचं पान कधीच खेळात येत नाही. म्हणजे त्या एकट्याला एक मेलेलं पान फुकट कळलं. तुमच्या अमळनेरच्या एक्क्यासारखंच, फक्त सगळ्यांना नाही, एकालाच. राण्यांची जोडी घेऊन बसलेल्याला किंवा राणीची वाट पाहणाऱ्याला हे माहीत नाही आणि समोरच्याला आहे, हा फरक नियमाने भरून निघत नाही. कॅसिनोत यासाठी प्लॅस्टिकचं कट कार्ड तळाला लावतात. तुमच्याकडे ते नसणार, पण जोकर आहेत आणि होल्डममध्ये त्यांचं काही काम नाही. पिसून, कट करून झालं की एक जोकर तळाला लावा, चित्र बाहेर दिसेल असा. मग कॅट कितीही तिरका धरा, दिसेल तो जोकरच.

वाटताना पत्ता हवेतून फेकू नका, सतरंजीवरून सरकवा. सतरंजीवर चुण्या असतील तर पानाचा कोपरा अडकून ते उलटतं, म्हणून खाली जाड चादर ताणून घाला. शेवभाजी जेवून हात न धुता कुणाला पत्ते पिसू देऊ नका. तेलाचा डाग पडलेलं पान पाठीमागून ओळखू येतं, आणि ते तर दर डावाला उलटलेल्या पानासारखंच झालं. आणि पैसे लावून खेळू नका. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे आणि २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळही बंद केलेत. आखाजीच्या नावाखाली सूट मिळत नाही.

तुमच्यापैकी कुणाला या सगळ्यात खरंच गोडी वाटत असेल तर एकदा सेव्हन कार्ड स्टड हा पोकरचा प्रकार खेळून पाहा. तिथे पानं उघडी असणं हा अपघात नसतो, खेळच तसा आहे. प्रत्येकाला दोन झाकलेली आणि एक उघडं असं मिळून तीन पानं सुरुवातीला मिळतात. आठ जण असले तर पहिली चाल करायच्या आधीच दुसऱ्यांची सात पानं तुम्हाला दिसतात. समजा तुमची तिन्ही पानं बदामची आहेत. समोरच्या सातांत बदाम एकही नसेल तर पुढच्या चार पानांत फ्लश पुरा होण्याची शक्यता २३.६ टक्के. सातांत तीन बदाम असतील तर १२.३. पानं तीच, हात तोच, आणि एकदा खेळायचा तर एकदा टाकायचा. होल्डममध्ये वर्षातून चार वेळा लागणारा डोळा स्टडमध्ये प्रत्येक डावाला लागतो, आणि तिथून परत होल्डमला बसलात की उलटलेला एक्का पाहून हात आपोआप बोटांवर मोजायला लागतो.

ओमाहा या पोकरच्या आणखी एका प्रकाराबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मेहुणे विचारतील. तिथे हातात चार पानं असतात, त्यामुळे उलटलेलं पान त्या चारांतून बनणाऱ्या काही जोड्यांनाच लागतं आणि बाकीच्या जोड्या शाबूत राहतात. फक्त रंगाची सगळ्यात मोठी फ्लश ओमाहात फार महत्त्वाची असते. बदामचा एक्का उलटला आणि तुमच्याकडे बदामचा राजा आणखी एका बदामाबरोबर असेल, तर तुमचीच बदामची फ्लश आता सगळ्यात मोठी. ती चार पानं एरवीपेक्षा थोडी जास्त हिमतीने खेळा.

पुढच्या वेळी बसायच्या आधी तीन गोष्टी सहा जणांनी तोंडी ठरवून घ्या: एक पान उलटलं तर बदली कशी द्यायची, कितव्या पानापर्यंत डाव रद्द धरायचा आणि वाऱ्याने उलटलं तर चूक कुणाची. मेहुण्यांना कूलरच्या समोर बसवू नका.